सोंग न उतरवणारे बँड

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ज्या घरांत सोव्हिएत मासिकं यायची, त्या घरांतल्या मुलांना तो कागद चांगला आठवत असेल. जाड, गुळगुळीत, हाताला गार लागणारा. मासिक चाळून झालं की पानं सुटी करायची आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची. मग वर्षभर भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी बाई हसत असायची आणि गणिताच्या वहीवर पांढऱ्या बनियनमधली तरुण मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा रचत असायची. सगळ्यांच्या हनुवट्या किंचित वर आणि नजर चौकटीबाहेर कुठेतरी लांब. तिकडे नेमकं काय आहे, ते फोटोत कधीच दिसत नसे.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, एका बँडने हा फोटो उचलून जसाच्या तसा रंगमंचावर उभा केला. बँडचं नाव 'आविया'. मागे कीबोर्ड, सॅक्सोफोन आणि ड्रम वाजवणारी तीन मंडळी. पुढे कामगारांचे डगले घातलेली तरुण मुलं-मुली, कधीकधी वीसेक जण. ढोलाच्या ठेक्यावर ती कवायत करतात, हातवारे करतात, कर्ण्यातून घोषणा देतात, धावत येऊन एकमेकांच्या खांद्यांवर चढतात आणि मनोरा रचून गोठून उभी राहतात. हनुवटी वर, नजर लांब. चेहऱ्यावरचं हसू ढळत नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, तरीही ढळत नाही. बघणाऱ्याला आधी स्फुरण चढतं, मग हसू येतं, मग जरा भीती वाटायला लागते.

हे लोक थट्टा करत होते की मनापासून नाचत होते? हा प्रश्न तेव्हाही प्रेक्षकांना पडायचा. अलेक्सेई युर्चाक हे त्या काळात आवियाचे व्यवस्थापक होते. पुढे ते अमेरिकेत मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि सोव्हिएत संघाच्या शेवटच्या पिढीवर त्यांनी मोठं काम केलं. कार्यक्रम संपल्यावर भेटायला येणाऱ्यांत दोन्ही टोकांची माणसं असत, असं ते सांगतात. आजच्या पोरांत पुन्हा ध्येयवाद दिसला म्हणून भारावून गेलेले जुने कम्युनिस्ट असत. आणि हुकूमशाहीची इतकी नेमकी चिरफाड केलीत म्हणून आभार मानणारेही असत. दोघांनी पाहिलेला कार्यक्रम एकच.

या प्रकाराला रशियन भाषेत एक शब्द आहे: 'स्त्योब'. आजचा सगळा लेख या एका शब्दाबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल.

शाळेत आपण व्याजस्तुती अलंकार शिकलो. वरून स्तुती, आतून निंदा. स्त्योबच्या सगळ्यात जवळ जाणारी आपली गोष्ट तीच. पण एक मोठा फरक आहे. व्याजस्तुती करणाऱ्याला आपली निंदा समोरच्यापर्यंत पोहोचायला हवी असते. ती पोहोचली नाही तर अलंकार वाया गेला. स्त्योब करणारा मात्र आपण आत काय धरलंय हे कोणालाच दाखवत नाही. मित्राने खाजगीत विचारलं तरी नाही. कित्येकदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

दुसरं उदाहरण बहुरूप्याचं. आपल्या गावात पोलिसाच्या वेषात येऊन 'चला, तुमच्यावर वॉरंट आहे' असं दरडावणारा बहुरूपी शेवटी हसतो, हात पुढे करतो, बिदागी घेतो. त्या क्षणी सोंग उतरतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आता असा बहुरूपी डोळ्यांपुढे आणा जो बिदागी मागतच नाही. तो वॉरंट वाचत राहतो, अगदी शुद्ध कायदेशीर भाषेत, आणि वाचून झालं की निघून जातो. आवियाने, आणि पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या सगळ्यांनी, नेमकं हेच केलं.

भाषा गोठते तेव्हा

असं काही सुचावं आणि ते चालावं, यासाठी आधी देशाची भाषा एका विशिष्ट अवस्थेला पोहोचावी लागते. युर्चाक यांचं विवेचन मला इथे सर्वात पटतं, म्हणून ते सोपं करून सांगतो.

स्टालिनच्या काळात कुठला शब्द बरोबर आणि कुठला चूक, हे ठरवणारा एक माणूस होता. स्टालिन स्वतः. १९५० मध्ये त्याने चक्क भाषाशास्त्रावर लेख लिहून त्या क्षेत्रातला वाद निकाली काढला होता. १९५३ मध्ये तो गेला आणि ती जागा रिकामी झाली. आता अधिकृत वाक्य बरोबर आहे की नाही हे कोणाला विचारायचं? कोणालाच नाही. मग भाषणं लिहिणाऱ्यांनी आणि अग्रलेख लिहिणाऱ्यांनी सर्वात सुरक्षित वाट धरली: मागच्या वर्षीच्या मजकुरात जे होतं तेच पुन्हा लिहायचं. त्याच्या मागच्या वर्षीही तेच केलं गेलं होतं. अशी वीस-पंचवीस वर्षं गेल्यावर जी भाषा तयार झाली तिचा नमुना म्हणून मीच एक वाक्य रचून दाखवतो: 'पक्ष आणि जनता यांच्या अतूट ऐक्याच्या अधिकाधिक दृढीकरणाच्या दिशेने चाललेल्या वाटचालीच्या यशस्वितेच्या संदर्भात.' यात कोणी काय केलं? काहीच कळत नाही. कर्ता नाही, क्रियापद नाही, षष्ठीच्या प्रत्ययांची नुसती मालगाडी आहे.

लोक ही भाषा ऐकत, बोलत, तिच्या ठरावांवर हात वर करत. निवडणुकांत ९९ टक्क्यांहून जास्त मतदान होई. हात वर केला की विषय संपला आणि माणूस आपल्या आयुष्याकडे परत गेला. शब्दांचा अर्थ कोणी पाहतच नव्हतं. विधी पार पडला की झालं. शब्द तोंडपाठ, अर्थाकडे लक्ष नाही, हा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही.

आता अशा ठिकाणी बंडखोर गाणं लिहून काय होणार? 'हे सगळं खोटं आहे' असं ओरडणारा माणूस त्या भाषेला अजून गंभीरपणे घेत होता. शिवाय त्याला तुरुंगात टाकणं सोपं. पण एखाद्याने तीच घोषणा, एकही अक्षर न बदलता, जरा जास्त मोठ्याने, जरा जास्त वेळ, जरा जास्त डोळे चमकवत दिली तर? कलम कोणतं लावायचं? 'तू आमच्याशी फारच सहमत आहेस' असा गुन्हा कायद्यात नव्हता. आणि एवढ्या मोठ्याने दिलेली घोषणा कानावर पडली की कित्येक वर्षांनी पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांकडे जायचं.

या बँडबद्दल मला जे म्हणायचंय ते हेच आहे. त्यांना 'कम्युनिझमविरोधी वीर' म्हणून बघणं सोपं आहे, आणि पश्चिमेत तसंच बघितलं गेलं. पण विरोध हे त्यांचं हत्यारच नव्हतं. त्यांनी त्या मेलेल्या भाषेत पुन्हा प्राण फुंकले, आणि ती उठून बसल्यावर कशी दिसते ते लोकांना दाखवलं.

शिक्का, समिती आणि बॉयलरची खोली

थोडी व्यवस्था समजून घेऊ. सोव्हिएत संघात रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच: सरकारी 'मेलोदिया'. व्यावसायिक पॉप बँडला बँड म्हणायचं नाही. त्याला 'गायन-वादन समूह' म्हणायचं, रशियन आद्याक्षरांनी 'विआ'. हे समूह सरकारी संगीतसंस्थांच्या पगारावर असत. कपडे नीटनेटके, केस आवरलेले, गाणी बहुतांशी संगीतकार संघाच्या सभासदांनी लिहिलेली. कार्यक्रमाला कलासमितीची मंजुरी लागायची.

ज्यांना हे नको होतं ते हौशी म्हणवून घेत. पण हौशी माणसाला नोकरी असणं बंधनकारक, नाहीतर 'परोपजीवी' म्हणून खटला. म्हणून रॉक वाजवणारी निम्मी मंडळी इमारती तापवणाऱ्या बॉयलरच्या खोल्यांत कोळसा टाकणं, रात्रीची राखण असली कामं करायची. विक्तोर त्सोयसारखा त्या पिढीचा लाडका गायकसुद्धा अशाच एका बॉयलरखोलीत कामाला होता. गाणी घरगुती टेपरेकॉर्डरवर एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवली जात आणि देशभर फिरत. या स्वतः छापलेल्या संगीताला नाव होतं 'माग्नितइज्दात'.

मार्च १९८१ मध्ये लेनिनग्राडच्या रुबिनश्तेइन रस्त्यावर १३ नंबरच्या इमारतीत रॉक क्लब सुरू झाला. गुप्त पोलिसांना सगळे एका छपराखाली नजरेसमोर हवे होते आणि वाजवणाऱ्यांना छप्पर हवं होतं, असा तो सौदा होता. गाण्याचे शब्द आधी टंकलिखित करून द्यायचे, त्यावर मंजुरीचा शिक्का घ्यायचा, मगच गायचं.

जून १९८३ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीपुढे पक्षाचे बडे नेते चेर्नेन्को यांनी संशयास्पद गाणी गाणाऱ्या समूहांवर कडक टीका केली आणि पुढची दोनेक वर्षं वाईट गेली. बंदीच्या याद्या निघाल्या. युक्रेनमधल्या निकोलायेव शहरातल्या कोम्सोमोलची, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेची, जानेवारी १९८५ ची अशी एक यादी पुढे प्रसिद्ध झाली. परदेशी कलाकारांची नावं आणि समोर त्यांचा दोष, असे दोन रकाने. टीना टर्नरसमोर लिहिलंय 'लैंगिकता'. पिंक फ्लॉइडसमोर सोव्हिएत परराष्ट्र धोरणाचा विपर्यास. आणि हुलिओ इग्लेसियाससमोर, म्हणजे हळुवार प्रेमगीतं गाणाऱ्या त्या स्पॅनिश गायकासमोर, 'नवफॅसिझम'. ही यादी तयार करणाऱ्या माणसाने मनापासून काम केलं असेल यात मला शंका नाही. तिचं तिरकं अनुकरण करायची गरजच नाही, ती मंचावर नुसती वाचली तरी पुरे. सोव्हिएत व्यंग्यकारांना कच्चा माल असा घरपोच मिळत होता.

आवियाचं नावच या व्यवस्थेला उत्तर होतं. 'विआ'च्या आधी 'आ' जोडला की होतो 'गायन-वादन-विरोधी समूह', आणि ऐकायला वाटतं विमानवाहतुकीचं काहीतरी. निकोलाय गुसेव, अलेक्सेई राखोव्ह आणि अलेक्झांडर कोंद्राश्किन हे तिघेही 'स्त्रान्नीए इग्री', म्हणजे 'विचित्र खेळ', या आधीच्या बँडमधून आलेले. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिफितींपैकी एक झुदोव्ह नावाच्या संगीतकाराच्या 'जीवन आणि कार्या'वर आहे. हा झुदोव्ह कधी जन्मलाच नाही. मंचावरचा त्यांचा म्होरक्या अंतोन अदासिन्स्की विदूषकांच्या रंगभूमीवर घडलेला. १९८८ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने 'देरेवो' हे स्वतःचं नृत्यनाट्य-पथक काढलं.

इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. आवियाच्या मनोऱ्यांचं मूळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतरच्या खऱ्या क्रांतिकारी कलेत आहे. १९२३ मध्ये मॉस्कोत 'सिन्याया ब्लूझा', म्हणजे 'निळा सदरा', नावाची चळवळ सुरू झाली होती. कामगारांचे निळे सदरे घातलेली पथकं कारखान्यांत जाऊन वर्तमानपत्रातल्या बातम्या गाऊन, नाचून, कसरती करून दाखवत. आपल्या कलापथकांची आठवण व्हावी असा प्रकार. त्या कलेत खरी धग होती, खरी कल्पकता होती. तीसच्या दशकात राज्याने ती मारून टाकली आणि तिचा मुखवटा तेवढा जपून ठेवला. आविया नाचत होते तेव्हा ते त्या मुखवट्याला हसत होते आणि त्यामागच्या मेलेल्या चेहऱ्यावर प्रेमही करत होते. म्हणूनच त्या जुन्या कम्युनिस्टांचं भारावणं मला अजाणतेपणाचं वाटत नाही. त्यांना जे दिसलं तेही तिथे होतंच.

चित्रकारांनी काढलेला बँड

मॉस्कोत गोष्ट वेगळ्या दारातून आत आली. तिथे १९७२ पासून कोमार आणि मेलामिद या दोन चित्रकारांनी 'सोत्स आर्ट' सुरू केलं होतं: पश्चिमेतली पॉप कला जशी साबणाच्या जाहिराती चित्रात घेते, तशा यांनी पक्षाच्या घोषणा चित्रात घेतल्या. पुढच्या पिढीतल्या पाच पोरांनी 'मुखोमोर' नावाचा गट काढला. मुखोमोर म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अळंबी. १९८२ मध्ये त्यांनी 'सोनेरी तबकडी' नावाची ध्वनिफीत केली. इकडून-तिकडून उचललेलं संगीत लावायचं आणि त्यावर आपल्या कविता गंभीर, निवेदकी आवाजात वाचायच्या. वाद्य वाजवायला कोणाला येत नव्हतं, आणि त्यांच्या लेखी त्याची गरजही नव्हती. १९८४ मध्ये गटातल्यांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी उचललं आणि पार कामचात्का-साखालिनपर्यंत पाठवलं. देशाच्या दुसऱ्या टोकाला. कविता वाचल्याची ती किंमत होती.

परत आल्यावर त्यांच्यातल्या स्वेन गुंदलाखने इतर चित्रकारांना, निकिता अलेक्सेयेव, निकोला ओव्चिन्निकोव्ह, सेर्गेई वोरोन्त्सोव्ह यांना, जमवलं आणि १९८६ च्या सुमाराला 'स्रेद्नेरुस्काया वोझ्वीशेन्नोस्त' हा बँड काढला. नावाचा अर्थ 'मध्य रशियन उंचवटा'. शाळेच्या भूगोलातलं नाव आहे हे; आपल्याकडे कोणी बँडला 'दख्खनचे पठार' म्हणावं तसं. पण रशियनमध्ये 'उंचवटा' या शब्दाला 'उदात्तता'चाही वास येतो. कवी द्मित्री प्रिगोव्हही यात होता. हा प्रिगोव्ह म्हणजे सोव्हिएत पोलिसाला देवदूतासारखं रंगवणाऱ्या कविता लिहिणारा माणूस. स्त्योबचा खरा गुरू म्हणायला हरकत नाही.

ही मंडळी रॉक बँड नव्हती, तर रॉक बँडचं चित्र होती. त्या वर्षांत रॉक म्हणजे 'सत्य बोलणारा आवाज' अशी लोकांची श्रद्धा होती. गिटार घेऊन कोणी कपाळाला आठ्या घातल्या की सभागृह हळवं व्हायचं. या चित्रकारांनी त्या आठ्यासुद्धा सोंगात घेतल्या. सरकारी भाषेइतकीच विरोधाची भाषाही साचेबद्ध होऊ शकते, हे त्यांनी ओळखलं आणि ते ऐकायला बंडखोरांनाही जड गेलं. माझ्या मते त्यांचं सर्वात धाडसी काम हेच. सत्तेला हसणं त्यांना एकट्यांनाच जमत होतं असं नाही. आपल्याच गोटाला हसणं फार थोड्यांना जमतं.

मॉस्कोतच सेर्गेई झारिकोव्हचा 'देका' होता, १९८० पासून. हे नाव 'संस्कृती भवन' या सरकारी शब्दांच्या आद्याक्षरांचं. गावोगावी असं एक भवन असायचंच. देका फारसे मंचावर आले नाहीत. त्यांनी फिती भरल्या, डझनांनी. दारूच्या रांगेतलं बोलणं, स्वस्त वॉल्ट्झ, मुक्त जॅझ, सगळं एका भांड्यात. आज ऐकताना कान किटतात, पण त्या काळातल्या सामान्य माणसाचा खरा आवाज ऐकायचा असेल तर तो या फितींत आहे.

आणि सायबेरियातलं ओम्स्क. तिथे येगोर लेतोव्ह नावाचा तरुण आपल्या घरातल्या खोलीत फिती भरत होता. त्याच्या मुख्य बँडचं नाव 'ग्राझदान्स्काया ओबोरोना', म्हणजे 'नागरी संरक्षण'. दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं जोडली की 'ग्रोब' होतं, आणि ग्रोब म्हणजे शवपेटी. १९८५ च्या डिसेंबरात त्याला मनोरुग्णालयात डांबलं आणि मार्च १९८६ मध्ये सोडलं. हा माणूस थट्टेखोर नव्हता, पेटलेला होता. पण १९८८ मध्ये त्याने कुझ्मा र्याबिनोव्ह आणि ओलेग सुदाकोव्ह या मित्रांबरोबर एक वेगळाच प्रकल्प सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं फक्त 'कम्युनिझम'.

पद्धत साधी. जुन्या तबकड्या लावायच्या आणि त्यावर अधिकृत, छापील, मान्यताप्राप्त मजकूर म्हणायचा. एका अख्ख्या ध्वनिफितीसाठी त्यांनी सुलेमान स्ताल्स्कीच्या कविता घेतल्या. हा दागेस्तानचा लोककवी. निरक्षर, वृद्ध, स्टालिनची स्तोत्रं रचणारा. १९३४ च्या लेखक परिषदेत मॅक्सिम गॉर्कीने त्याला 'विसाव्या शतकाचा होमर' म्हटलं होतं. त्याच्या ओळी ओम्स्कच्या त्या खोलीत टेपच्या खरखरीवर म्हटल्या जातात तेव्हा सुरुवातीला हसू येतं. मग चार-पाच मिनिटांनी जाणवतं की हे शब्द खरोखर लिहिले गेले, छापले गेले, पाठ केले गेले, आणि त्याच वर्षांत लोक मारले जात होते. यात लेतोव्हचा स्वतःचा एकही शब्द नाही, तरी त्या दशकातलं सर्वात भयंकर ऐकण्यासारखं काही असेल तर ते हे, असं मला वाटतं.

लेनिनग्राडचा 'नोम' इथे ओझरता. १९८७ पासूनचा हा बँड. पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांच्या, काळात वर्तमानपत्रं सगळ्या उंडग्या पोरांना 'युवकांच्या अनौपचारिक संघटना' म्हणत. या मंडळींनी त्याच शब्दांची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं. तऱ्हेवाईक टोप्या, खर्जातले आवाज, निरर्थाची मजा. नोम आजही ऐकायला सर्वात सोपे आहेत. सुरुवात करायची तर तिथून करावी.

लेनिन आणि अळंबी

सेर्गेई कुर्योखिनवर मात्र रेंगाळायलाच हवं. १९५४ चा जन्म, मूर्मान्स्कचा. पियानो असा वाजवायचा की टेप ऐकणाऱ्यांना वाटे, वेग वाढवून भरलाय. १९८१ मध्ये त्याची तबकडी इंग्लंडमध्ये निघाली. पुढे १९८४ पासून त्याने 'पॉप-मेखानिका' नावाचा एक चालता-बोलता गोंधळ उभा केला. मंचावर एकाच वेळी रॉक वादक, जॅझवाले, लष्करी बँड, ऑपेराची गायिका आणि खरोखरीची जनावरं: बकऱ्या, घोडे. चित्रकार तिमूर नोविकोव्ह आणि इवान सोत्निकोव्ह यांनी तारांना कपड्यांच्या इस्त्र्या टांगून केलेलं 'उत्युगोन' हे वाद्यही याच वर्तुळातलं. या सगळ्यांच्या मधोमध कुर्योखिन, हवेत उड्या मारत संचालन करणारा. सुंदर, हसरा, अत्यंत सभ्य. कोणत्याही एका शैलीला मंचावर राज्य करू न देणं, एवढीच त्याची शिस्त होती.

पण देशाला तो माहीत झाला १९९१ मध्ये, टीव्हीवर. लेनिनग्राड दूरचित्रवाणीच्या 'पाचवं चाक' या गाजलेल्या कार्यक्रमात निवेदक सेर्गेई शोलोखोव्हसमोर तो बसला. पुस्तकांनी भरलेली खोली, शांत आवाज, विद्वानाचा आविर्भाव. मुद्दा असा: लेनिन अळंबी खात असे, इतकी वर्षं आणि इतकी खाल्ली की अळंबीने त्याच्या व्यक्तिमत्त्वाची जागा घेतली, म्हणजेच लेनिन हा माणूस नसून अळंबी होता. 'आणि शिवाय तो रेडिओ लहरही होता.'

ही चित्रफीत आजही मिळते आणि ती बघताना एक गोष्ट करावी: निष्कर्षाकडे लक्ष न देता पायऱ्यांकडे बघावं. मेक्सिकोतली क्रांती आणि भ्रम निर्माण करणाऱ्या अळंब्या, इथून तो सुरू होतो. मग लेनिनची पत्रं. मग लेनिन ज्या चिलखती गाडीवर उभा राहून बोलला तिचा उभा छेद अळंबीच्या तंतुजालासारखा दिसतो, असं म्हणून आकृती. प्रत्येक पायरीवर कागद, फोटो, तुलना, 'आपल्याला ठाऊकच आहे की'. प्रत्येक पायरी एकटी घेतली तर फार चुकीची वाटत नाही. चढत चढत आपण कुठे आलो हे वर पोहोचल्यावर कळतं. शेवटाकडे दोघांनाही हसू आवरत नाही. बहुरूपी हसला असा हा बहुधा एकमेव प्रसंग.

कुर्योखिनच्या पत्नीने नंतर सांगितलं की कल्पना कुठून आली. कवी येसेनिनच्या मृत्यूवर टीव्हीवर एक कार्यक्रम लागला होता. त्यात अंत्ययात्रेच्या फोटोंतले लोक कुठे बघतायत यावरून त्याचा खून झाल्याचं 'सिद्ध' केलं होतं. कुर्योखिनला वाटलं, या पद्धतीने काहीही सिद्ध करता येईल.

तो काळ लक्षात घ्या. सत्तर वर्षं दडवलेली कागदपत्रं रोज बाहेर येत होती. काल जे अशक्य वाटत होतं ते आज वर्तमानपत्रात खरं ठरत होतं. टीव्ही खोटं बोलू शकतो हे लोकांना माहीत होतं, पण टीव्ही खेळ करू शकतो हे माहीत नव्हतं. म्हणून काहींनी विश्वास ठेवला. शोलोखोव्हने पुढे सांगितलेला किस्सा असा की जुन्या बोल्शेविकांचं शिष्टमंडळ पक्षाच्या स्थानिक कार्यालयात विचारायला गेलं, आणि तिथल्या विचारधारा-प्रमुख बाईंनी उत्तर दिलं: हे खरं नाही, कारण सस्तन प्राणी वनस्पती होऊ शकत नाही. किस्सा त्याच्या तोंडचा आहे, तेव्हा त्यातही थोडा खेळ असू शकेल. पण त्या उत्तरात मला ती गोठलेली भाषा शेवटचं बोलताना ऐकू येते: प्रश्न कितीही वेडा असो, उत्तर नियमावलीतून. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला.

नंतर

इथे गोष्ट आनंदात संपत नाही. ज्या भाषेची नक्कल करायची तीच गेली, आणि नक्कल करणारे मोकळ्या मैदानात उभे राहिले. आविया विरत गेला. मध्य रशियन उंचवट्याचे चित्रकार कॅनव्हासकडे परतले. देकाचा झारिकोव्ह जहाल राष्ट्रवादी झिरिनोव्स्कीच्या गोटात दिसू लागला. लेतोव्ह नव्याने निघालेल्या 'नॅशनल बोल्शेविक' पक्षात गेला; सभासदपत्र क्रमांक ४ त्याचं. ज्याला सोव्हिएत राज्याने मनोरुग्णालयात डांबलं होतं तो आता मंचावरून सोव्हिएत मातृभूमीबद्दल बोलू लागला, आणि त्याच्या आवाजात तीच जुनी आग होती.

आणि कुर्योखिन. १९९५ च्या शरद ऋतूत त्याने पॉप-मेखानिकाचा ४१८ क्रमांकाचा प्रयोग केला तो अलेक्झांडर दुगिनच्या निवडणूक प्रचाराला हात देण्यासाठी. दुगिन तेव्हा त्याच पक्षाचा विचारवंत होता आणि पीटर्सबर्गमधून संसदेला उभा होता. पेटत्या मशाली, गूढविद्येचे मंत्र, मंचावर भाषणं. काही मित्र म्हणाले हा त्याचा सर्वात मोठा स्त्योब आहे. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. दुगिनला एक टक्काही मतं पडली नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात, ९ जुलै १९९६ रोजी, हृदयाच्या एका दुर्मीळ कर्करोगाने कुर्योखिन गेला. वय ४२. त्या रात्री तो खरंच दुगिनच्या बाजूने उभा होता की सोंगात होता, यावर त्याला जवळून ओळखणारी माणसं आजही एकमेकांशी भांडतात, आणि दोन्ही बाजू पुराव्यादाखल त्याचं तेच हसू दाखवतात.